दोन पडदे

[सभेत किंवा प्रदर्शनात स्लाइड दाखवून बोलण्याची वेळ आता विद्यार्थ्यांवरही येते. संगणकाच्या मदतीने भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्र आणि आपल्या समोरच्या मॉनिटरवर दुसरे चित्र कसे दाखवावे आणि त्याचा उपयोग काय, हे या पाठात समजावून सांगितले आहे.]

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमची शाळा मालेगावात आहे आणि शाळेत प्रदर्शन भरले आहे. तुम्ही विषय निवडला आहे, 'धाग्यापासून कापडापर्यंत'. यंत्रमाग कसा चालतो, हे तुम्हांला दहा स्लाइडच्या मदतीने सांगायचे आहे. बाहेरगावचे पाहुणे आले आहेत. त्यांतील अनेकांना उर्दू येत नाही. म्हणून तुम्हांला मराठीत बोलायचे आहे. दुसऱ्या रांगेत तुमचे अब्बू बसले आहेत. ते रोज यंत्रमाग चालवतात. त्यांच्या कामाविषयी आज त्यांचे मूल सर्वांसमोर बोलणार आहे.

दिवे मंद होतात. भिंतीवरच्या पडद्यावर पहिली स्लाइड दिसते. तुम्ही बोलायला सुरुवात करता. दोन वाक्ये होतात आणि पुढचा मराठी शब्द आठवत नाही. तुम्ही वळून पडद्याकडे पाहता आणि तिथल्या ओळी वाचू लागता. एक स्लाइड संपते, दुसरी येते. तुम्ही वाचतच राहता. तुमचे तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे. दहा मिनिटांनी टाळ्या वाजतात. अब्बूंनी तुमचा आवाज ऐकला. पण तुमचा चेहरा त्यांना दिसलाच नाही.

असे का झाले? तुम्ही तयारी केली नव्हती का? केली होती. चूक एवढीच झाली, की लोकांना जे दाखवायचे आणि तुम्हांला जे पाहायचे, ते दोन्ही तुम्ही एकाच पडद्यावर ठेवले. संगणक एकाच वेळी दोन पडद्यांवर दोन वेगवेगळी चित्रे दाखवू शकतो. भिंतीवर लोकांना फक्त स्लाइड दिसते. तुमच्या समोरच्या मॉनिटरवर मात्र तीच स्लाइड, त्यानंतर येणारी स्लाइड, तुमची टिपणे आणि घड्याळ दिसते. मग मागे वळून पाहण्याची गरजच उरत नाही. हे कसे करायचे, ते आपण पाहू या.

उजेडाच्या मदतीने भिंतीवर चित्र पाडण्याची कल्पना फार जुनी आहे. 'फानूस-ए-खयाल' हा शब्द तुम्ही उर्दू कवितेत वाचला असेल. या कंदिलात मध्ये दिवा असतो. दिव्याभोवती चित्रे असलेला कागद फिरतो आणि चित्रेही फिरताना दिसतात. हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास 'जादूचा कंदील' तयार केला. त्यात काचेवर रंगवलेले चित्र दिवा आणि भिंग यांच्या साहाय्याने मोठे करून भिंतीवर पाडता येत असे. आपल्या महाराष्ट्रातही असे खेळ होत. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर दिसत आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत असे. महाराष्ट्रात चित्रपट येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

पुढे विजेचे प्रोजेक्टर आले. शिक्षक पारदर्शक कागदावर आकृती काढत आणि ती प्रोजेक्टरवर ठेवून वर्गाला दाखवत. १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी 'पॉवरपॉइंट' नावाची संगणक-प्रणाली बाजारात आली. रॉबर्ट गास्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ती विकसित केली होती. त्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतली. सुरुवातीला या प्रणालीचा उपयोग मुख्यतः पारदर्शक कागदांवर मजकूर छापण्यासाठी होई. फेब्रुवारी १९९२ मध्ये पॅरिस येथे गास्किन्स यांनी आपला लॅपटॉप सरळ प्रोजेक्टरला जोडला आणि रंगीत स्लाइड पडद्यावर दाखवल्या. आता कागदाची गरज राहिली नाही. संगणकच जादूचा कंदील झाला.

कंदिलाला न जमणारी एक गोष्ट संगणकाला जमते. कंदिलात एका वेळी चित्र एकच असे. बोलणाऱ्याने आपली टिपणे हातातल्या कागदावर ठेवायची. दिवे मंद झाले, की तो कागदही दिसत नसे. संगणक मात्र दोन चित्रे तयार करून दोन वाटांनी पाठवू शकतो. एक वाट मॉनिटरकडे जाते आणि दुसरी प्रोजेक्टरकडे.

प्रथम ही दुसरी वाट तयार करू या. संगणकाच्या बाजूला किंवा मागे तारा जोडण्यासाठी छोट्या खाचा असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. चित्र बाहेर नेणारे दोन प्रकारचे पोर्ट तुम्हांला नेहमी दिसतील. जुना पोर्ट 'व्हीजीए' हा आहे. त्याला तीन ओळींत पंधरा छिद्रे असतात आणि तार घट्ट बसवण्यासाठी दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. या तारेतून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही. दुसरा पोर्ट 'एचडीएमआय'. तो चपटा असतो. त्याच्या तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. तुमच्या स्लाइडमध्ये मागाचा खडखडाट ऐकवणारी चित्रफीत असेल, तर हा फरक लक्षात ठेवा. व्हीजीए तार वापरली, तर आवाजासाठी वेगळे स्पीकर लावावे लागतात.

काही नव्या लॅपटॉपला यांपैकी एकही पोर्ट नसतो. त्यांना 'यूएसबी-सी' नावाचा लहान पोर्ट असतो. अशा वेळी मध्ये एक जोडणी लावावी लागते. तिला 'अडॅप्टर' म्हणतात. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार, अडॅप्टर आणि प्रोजेक्टर जोडून पाहणे आवश्यक आहे. ऐन वेळी तार शोधत फिरणारा वक्ता पहिल्या वाक्याआधीच घामाघूम होतो.

शाळेतला संगणक टेबलावर ठेवायचा, म्हणजे वेगळा मॉनिटर असलेला असेल, तर त्याला चित्राचे दोन पोर्ट हवेत. एकाला मॉनिटर जोडायचा, दुसऱ्याला प्रोजेक्टर. पोर्ट एकच असेल, तर काही लोक 'स्प्लिटर' लावतात. स्प्लिटर एका तारेतले चित्र दोन तारांत वाटतो. साधा स्प्लिटर दोन्हीकडे एकच चित्र पाठवतो. एका नळाला दोन तोट्या लावल्या, तर दोन्हींतून तेच पाणी येणार! आपल्याला दोन वेगळी चित्रे हवी आहेत, म्हणून दोन पोर्ट असलेला संगणक किंवा लॅपटॉप वापरावा. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा असतोच. त्यामुळे त्याला बाहेरचा एक पोर्ट पुरतो.

तार जोडली, की प्रोजेक्टर सुरू करा. थोडा वेळ थांबा. पडद्यावर 'नो सिग्नल' असे शब्द दिसले, तर घाबरू नका. प्रोजेक्टर बिघडला आहे, असा त्याचा अर्थ नसतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच पोर्टकडे पाहत असतो. प्रोजेक्टरवर किंवा त्याच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' नावाचे बटण असते. ते दाबून, तुम्ही तार ज्या पोर्टला जोडली आहे तो पोर्ट निवडा. प्रोजेक्टर चालू असताना त्याच्या भिंगात डोकावून पाहू नका. त्याचा प्रकाश डोळ्यांना इजा करू शकतो.

आता संगणकाला सांगायचे आहे, की दोन पडद्यांवर काय दाखवायचे. विंडोज प्रणाली असलेल्या संगणकात ही सोय फार सोपी आहे. कळफलकाच्या खालच्या ओळीत खिडकीचे चित्र असलेले एक बटण असते. ते दाबून धरा आणि 'पी' हे अक्षर दाबा. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. बटणे दाबताच चार पर्याय दिसतात.

पहिला पर्याय, 'पीसी स्क्रीन ओन्ली'. यात चित्र फक्त तुमच्या मॉनिटरवर राहते. प्रोजेक्टरला काहीच मिळत नाही.

दुसरा पर्याय, 'डुप्लिकेट'. यात मॉनिटरवर जे आहे, तेच पडद्यावर दिसते.

तिसरा पर्याय, 'एक्सटेंड'. यात दोन्ही पडदे मिळून एक मोठी जागा तयार होते आणि दोन्हींवर वेगवेगळी चित्रे ठेवता येतात.

चौथा पर्याय, 'सेकंड स्क्रीन ओन्ली'. यात चित्र फक्त प्रोजेक्टरवर जाते आणि तुमचा मॉनिटर काळा होतो.

यांतील दुसरा आणि तिसरा पर्याय नीट समजून घेतला पाहिजे. किराणा दुकानातला विजेवर चालणारा वजनकाटा तुम्ही पाहिला असेल. अनेक काट्यांवर वजनाचे आकडे दोन बाजूंना दिसतात. एक बाजू दुकानदाराकडे, दुसरी गिऱ्हाइकाकडे. आकडे मात्र तेच. 'डुप्लिकेट' म्हणजे असा वजनकाटा. तुम्ही जे पाहता, तेच सगळे पाहतात. शिक्षकांना एखादी आकृती सर्वांसमोर काढून दाखवायची असेल, तर हाच पर्याय चांगला.

'एक्सटेंड' म्हणजे एका टेबलाला दुसरे टेबल जोडणे. तुमच्या समोरचे टेबल तुमचे. जोडलेले टेबल लोकांसमोर आहे. त्यावर तुम्ही जी वस्तू ठेवाल, तेवढीच त्यांना दिसेल. हा पर्याय निवडताच भिंतीवरच्या पडद्यावर एक रिकामे चित्र दिसू लागते. त्यावर काही नसते. अनेकांना वाटते, की काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. नवे टेबल जोडले गेले आहे. त्यावर तुम्ही अजून काही ठेवलेले नाही, इतकेच. माउसचा बाण मॉनिटरच्या उजव्या कडेपर्यंत नेऊन तसाच पुढे सरकवला, की तो भिंतीवर दिसू लागतो. बाण कधी हरवला, तर तो दुसऱ्या टेबलावर गेला आहे, असे समजा आणि माउस उलट्या दिशेने सरकवून त्याला परत आणा.

'एक्सटेंड'चा आणखी एक फायदा आहे. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आजच्या बऱ्याच लॅपटॉपवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. जुन्या प्रोजेक्टरवर बहुधा १०२४ आणि ७६८ ठिपके असतात. 'डुप्लिकेट'मध्ये दोघांना एकच माप घ्यावे लागते. त्यामुळे कधी चित्र ताणलेले दिसते, तर कधी कडेला काळे पट्टे येतात. 'एक्सटेंड'मध्ये प्रत्येक पडदा आपापल्या मापाने चालतो.

दुसरे टेबल तयार झाले. आता त्यावर स्लाइड ठेवू या. पॉवरपॉइंटमध्ये 'स्लाइड शो' या विभागात जा. तिथे 'यूज प्रेझेंटर व्ह्यू' असे लिहिलेला एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण करा. मग कळफलकावरचे 'एफ ५' बटण दाबा. भिंतीवर पूर्ण पडदाभर पहिली स्लाइड दिसेल. तुमच्या मॉनिटरवर वेगळेच चित्र दिसेल. डावीकडे चालू स्लाइड मोठी दिसते. तिच्या वर, बोलायला सुरुवात केल्यापासून किती वेळ झाला, हे सांगणारे घड्याळ असते. उजवीकडे पुढची स्लाइड आणि तिच्या खाली तुमची टिपणे असतात. टिपणांची अक्षरे लहान वाटली, तर ती मोठी करण्याची सोयही तिथेच आहे. 'लिबरऑफिस इम्प्रेस' ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यातही 'प्रेझेंटर कन्सोल' नावाने अशीच सोय आहे.

कधी कधी गोष्ट उलटी होते. टिपणे भिंतीवर जातात आणि कोरी स्लाइड तुमच्यासमोर येते. लोक हसू लागतात. अशा वेळी मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांच्या तारा काढू नका. पॉवरपॉइंटच्या या पडद्यावर वरच्या बाजूला 'डिस्प्ले सेटिंग्ज' असते. त्यातील 'स्वॅप' या शब्दाने सुरू होणारा पर्याय निवडला, की दोन चित्रांची अदलाबदल होते.

कापडाला दोन बाजू असतात. गिऱ्हाईक सुलट बाजू पाहते. तिच्यावर नक्षी असते. विणकर उलट बाजूही पाहतो. कुठे गाठ पडली, कुठे धागा तुटला, हे त्याला कळावे लागते. भिंतीवरचा पडदा ही तुमच्या कामाची सुलट बाजू आहे आणि समोरचा मॉनिटर ही उलट बाजू. म्हणून दोन्हींवर काय लिहायचे, हेही वेगळे ठरवावे.

स्लाइडवर शब्द थोडे ठेवा. समजा, तुमच्या तिसऱ्या स्लाइडवर धोट्याचे मोठे चित्र आहे. त्याखाली एकच शब्द लिहा, 'धोटा'. लोक तो शब्द क्षणात वाचतात आणि तुमच्याकडे पाहू लागतात. तुम्ही तिथे दहा ओळी लिहिल्या, तर लोक त्या वाचत बसतात आणि तुमचे बोलणे कोणी ऐकत नाही. वाचणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच वेळी नीट होत नाहीत.

बाकीचे सारे टिपणांत लिहा. इथे एक गंमत आहे. टिपणे लोकांना दिसत नाहीत. म्हणून ती तुम्ही कोणत्याही भाषेत लिहू शकता. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. विचार उर्दूत चटकन सुचत असेल, तर टिपण उर्दूत, उजवीकडून डावीकडे लिहा. जो मराठी शब्द अडतो, तेवढाच मराठीत लिहा. धोट्याच्या स्लाइडसाठी टिपण असे असू शकते : 'धोटा — आडवा धागा नेतो — ताणा, बाणा — अब्बू दिवसाला किती कांड्या बदलतात?' पूर्ण वाक्ये लिहू नका. पूर्ण वाक्य दिसले, की आपण ते वाचू लागतो आणि मग भिंतीऐवजी मॉनिटरला चिकटून राहतो. दोन-चार शब्द असले, तर नजर खाली जाते, आधार घेते आणि लगेच वर येते. वाक्य तुमचे तुम्हांलाच तयार करावे लागते आणि तेच खरे बोलणे. 'ताणा-बाणा' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही. असे शब्द सापडले, की बोलताना धीर येतो.

लॅपटॉप कुठे ठेवायचा, हेही महत्त्वाचे आहे. तो तुमच्या आणि लोकांच्या मध्ये, कमी उंचीच्या टेबलावर ठेवा. म्हणजे टिपणे पाहताना तुमची नजर लोकांच्या दिशेनेच राहील. तो बाजूला ठेवला, तर मान वळवावी लागते आणि मूळ अडचण परत येते. प्रोजेक्टर फार खाली ठेवून वर तिरपा केला, तर चित्राची वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद दिसते. शक्य तर प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवा. जमत नसेल, तर प्रोजेक्टरमधील 'कीस्टोन' या सोयीने चित्र चौकोनी करून घ्या.

बोलताना उपयोगी पडणारी एक युक्ती सांगतो. मध्येच तुम्हांला वाटले, की आता लोकांनी चित्राकडे नव्हे, आपल्या हातातल्या वस्तूकडे पाहावे. समजा, तुम्ही खरा धोटा आणला आहे. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना 'बी' हे अक्षर दाबा. भिंतीवरचा पडदा काळा होईल आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतील. पुन्हा 'बी' दाबले, की स्लाइड परत येईल. कोणी पाहुण्यांनी आठवी स्लाइड पुन्हा पाहायची इच्छा व्यक्त केली, तर आठ आकडा दाबून 'एंटर' दाबा. सगळ्या स्लाइड उलट्या क्रमाने दाखवत बसण्याची गरज नाही.

काही गोष्टींची काळजी आधीच घ्या. पहिली गोष्ट, संगणकावर येणारे निरोप बंद ठेवा. बोलत असताना कोणाचा घरगुती निरोप पडद्यावर झळकला, तर तो सगळे वाचतात. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर स्लाइड दाखवत असाल, तर ही काळजी दुप्पट घ्या. त्याची छायाचित्रे आणि कागदपत्रे ही त्याची खासगी वस्तू आहे. 'डुप्लिकेट'मध्ये एखादी फाइल शोधू लागलात, तर त्याच्या सगळ्या फाइलींची नावे भिंतीवर दिसतात.

दुसरी गोष्ट अक्षरांची. तुमच्या संगणकावरचा उर्दू किंवा मराठी अक्षरांचा संच, म्हणजे फाँट, शाळेच्या संगणकावर नसू शकतो. मग संगणक त्याच्या जागी दुसराच फाँट वापरतो आणि ओळी विस्कटतात. सुंदर नस्तालीक अक्षरांची रया जाते. म्हणून ज्या संगणकावर स्लाइड दाखवायच्या, त्याच संगणकावर त्या आधी उघडून पाहा.

तिसरी गोष्ट विजेची. वीज गेली, की लॅपटॉप थोडा वेळ चालतो. पण साधा प्रोजेक्टर लगेच बंद पडतो. म्हणून टिपणांची एक प्रत कागदावर छापून खिशात ठेवा. स्लाइड पेन ड्राइव्हवरही घ्या. पडदा काळा झाला, तरी ज्याला आपला विषय माहीत आहे, तो थांबत नाही. तो धोटा हातात घेतो आणि पुढे सांगू लागतो.

कार्यक्रम संपल्यावर प्रोजेक्टरची तार एकदम ओढून काढू नका. दिवा असलेला प्रोजेक्टर फार तापलेला असतो. त्याच्या बटणाने तो बंद करा. आतला पंखा काही वेळ फिरत राहतो आणि दिव्याला थंड करतो. पंखा थांबला, की मगच वीज बंद करा. शेवटी पुन्हा खिडकीचे बटण आणि 'पी' दाबून पहिला पर्याय निवडा. नाहीतर पुढे संगणक वापरणाऱ्याचा माउसचा बाण नसलेल्या पडद्यावर हरवायचा!

आता पुन्हा त्या प्रदर्शनाकडे जाऊ या. तेच सभागृह, तेच पाहुणे आणि त्याच दहा स्लाइड. या वेळी तुमच्यासमोर लॅपटॉप आहे. भिंतीवर धोट्याचे चित्र येते. ते आले आहे, हे तुम्हांला मागे वळून पाहावे लागत नाही. मॉनिटरवर नजर टाकता, दोन शब्द दिसतात आणि तुम्ही मान वर करता. एक मराठी शब्द चुकतो. तुम्ही थांबता, दुरुस्त करता आणि पुढे बोलता. पाहुणे मान हलवतात. टिपणात लिहिलेला प्रश्न आता तुम्ही दुसऱ्या रांगेकडे पाहून विचारता, "अब्बू, दिवसभरात किती कांड्या बदलाव्या लागतात?" सगळे लोक वळून अब्बूंकडे पाहतात. अब्बू थोडे संकोचतात, मग उभे राहून उत्तर देतात.

असा प्रश्न भिंतीकडे तोंड करून विचारता येत नाही. दोन पडद्यांची सारी खटपट एवढ्यासाठीच करायची. भिंतीवरचे चित्र लोकांसाठी असते, मॉनिटरवरचे टिपण आपल्यासाठी असते आणि आपला चेहरा समोरच्या माणसांसाठी असतो.

शब्दार्थ

टिपण — थोडक्यात लिहून ठेवलेली नोंद
निवेदन — प्रसंग किंवा माहिती समजावून सांगणे
पारदर्शक — ज्यातून आरपार दिसते असे
भिंग — वस्तू मोठी दाखवणारी काच
कळफलक — संगणकावर अक्षरे उमटवण्यासाठी असलेला बटणांचा फलक
पर्याय — निवडता येण्याजोग्या गोष्टींपैकी एक
धोटा — मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन
कांडी — धोट्यात बसवायची, सूत गुंडाळलेली नळी
ताणा — कापडातील उभा धागा
बाणा — कापडातील आडवा धागा
रया जाणे — शोभा नाहीशी होणे
संकोचणे — लाजून मागे राहणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शांबरिक खरोलिका' हे खेळ कोणी सुरू केले?
(आ) व्हीजीए तारेतून काय जात नाही?
(इ) पडदा काळा करण्यासाठी कोणते अक्षर दाबावे?
(ई) प्रोजेक्टरची वीज केव्हा बंद करावी?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) साधा स्प्लिटर लावून दोन वेगळी चित्रे दाखवता येत नाहीत.
(आ) टिपणांत पूर्ण वाक्ये लिहू नयेत.
(इ) स्लाइडवर शब्द थोडे ठेवावेत.
(ई) टिपणांची एक प्रत कागदावर छापून ठेवावी.

प्रश्न ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'डुप्लिकेट' आणि 'एक्सटेंड' या पर्यायांतील फरक सांगा.
(आ) बोलणाऱ्याच्या मॉनिटरवर कोणकोणत्या गोष्टी दिसतात?
(इ) लेखकाने कापडाच्या दोन बाजूंचे उदाहरण कशासाठी दिले आहे?

प्रश्न ४. वाक्यांत उपयोग करा.
घामाघूम होणे, रया जाणे, आधार घेणे, धीर येणे.

प्रश्न ५. 'ताणा-बाणा' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच आहे. दोन्ही भाषांत असलेले असे दहा शब्द शोधा आणि वहीत लिहा.

उपक्रम : तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात चालणाऱ्या एखाद्या कामाची माहिती मिळवा. तिच्यावर पाच स्लाइड तयार करा. प्रत्येक स्लाइडसाठी तीन-चार शब्दांचे टिपण लिहा आणि वर्गाकडे तोंड करून मराठीत बोला. शाळेत प्रोजेक्टर नसेल, तर फळ्यावर चित्रे लावा आणि टिपणांचा कागद समोरच्या बाकावर ठेवा.